लोगो संध्याकाळपर्यंत मिळेल का? आणि स्टुडिओत रोज विचारले जाणारे बाकीचे प्रश्न

लालबागमध्ये एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा चौघांचा डिझाइन स्टुडिओ आहे. फोनवर, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत लोक जे विचारतात ते साधारण तेच ते असतं. दर वेळी नव्याने सांगताना चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहून काढलंय. प्रश्नांचा क्रम लावलेला नाही. पैशांचं विचारायला आला असाल तर सरळ खाली जा, राग नाही.

तुम्ही नेमकं करता काय?

दुकानं, खानावळी, मसाले-लोणच्यांचे घरगुती उद्योग, दवाखाने, क्लास, एखादी नाटकमंडळी अशांची ओळख तयार करतो. म्हणजे नाव कोणत्या अक्षरांत लिहायचं, ते बोर्डावर, पाकिटावर, बिलावर, कापडी पिशवीवर आणि डिलिव्हरी ॲपमधल्या नखाएवढ्या चौकोनात कसं दिसेल, रंग कोणते, आणि हे सगळं छापून नीट येईल ना, हे बघायचं. याला ब्रँडिंग म्हणतात. माझ्या आईला विचारलंत तर ती सांगेल, "पाट्या रंगवतो, कॉम्प्युटरवर." फारसं चुकत नाही ती.

वेबसाइट करत नाही. सोशल मीडिया चालवत नाही. एकादशीच्या शुभेच्छांच्या पोस्ट तर नाहीच.

लोगो संध्याकाळपर्यंत मिळेल का?

नाही.

मग किती दिवस लागतात?

पाच ते सहा आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात आम्ही काही काढतच नाही. तुमच्या दुकानात येऊन बसतो, गिऱ्हाईक काय म्हणून माल मागतं ते ऐकतो, जुनी बिलबुकं चाळतो. पुढचे दोन आठवडे कागद आणि पेन्सिल. मग संगणक. शेवटी छापून बघणं.

यात खरा वेळ आमचा जात नाही. "घरी विचारून सांगतो" यात जातो. एका फरसाणच्या दुकानाचे तीन भाऊ मालक होते. तिघांनी मिळून लोगो पसंत केला, हार-पेढे झाले, आणि चौथ्या मीटिंगला एक आत्या आल्या. त्यांनी चष्मा लावून कागद हातात धरला आणि म्हणाल्या, "हे आमच्या दादांचं दुकान वाटत नाही." दादा म्हणजे त्यांचे वडील, दुकान ज्यांनी काढलं ते. काम पुन्हा पहिल्यापासून. आत्यांचं बरोबर होतं हे मला दोन महिन्यांनी पटलं, पण त्यांना पहिल्या मीटिंगला आणलं असतं तर दिवाळीचा सीझन हुकला नसता. म्हणून आता पहिला प्रश्न आम्हीच विचारतो: शेवटचा शब्द कुणाचा? जे कोण असतील त्यांना पहिल्या दिवशी घेऊन या. चहा आमच्याकडून.

लोगोच तर करायचाय. दुकान बघायला कशाला येता?

बोर्ड कुठून दिसतो ते बघायला. मुंबईत गिऱ्हाईक समोरून चालत येतंच असं नाही. ते स्कायवॉकवरून उतरतं, बेस्टच्या खिडकीतून बघतं, दोन गाड्यांच्या फटीतून डोकावतं. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक दुकानदार निळी ताडपत्री बांधतो. बोर्डाचा खालचा भाग चार महिने तिच्यामागे. नावात उकार असेल तर तो गेला. ताडपत्री किती खाली येते हे आम्ही टेपने मोजून घेतो, आणि दर वेळी दुकानातला पोऱ्या आमच्याकडे वेड्यासारखा बघतो.

आमचा इंग्रजी लोगो तयार आहे. तोच मराठीत करून हवाय. हे तरी पटकन होईल ना?

हा प्रश्न मार्च २०२२ नंतर वाढला आणि २०२३ च्या शेवटी तर फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. मराठी नावाची सक्ती दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाली, आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत असं ठरलं. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले. त्या दोन महिन्यांत मुंबईत जी मराठी अक्षरं बोर्डावर चढली, ती बघत दादर ते कुलाबा एक फेरी मारा. इंग्रजी नाव डौलात, आणि खाली किंवा वर कुणीतरी रात्री घाईत चिकटवलेलं मराठी, मोबाइलमधल्या मिळेल त्या फाँटात. कायदा पाळला गेला. नाव मात्र परक्याच्या घरात उभं राहिल्यासारखं दिसतं.

आता 'तेवढाच आकार' म्हणजे काय ते बघा. इंग्रजी कॅपिटल अक्षर सहा इंची पट्टीत खालपासून वरपर्यंत सहा इंच भरतं. देवनागरीला त्याच सहा इंचांत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बसवायचे असतात आणि खाली उकार, ऋकार. मधल्या अक्षराला उरतात तीन-साडेतीन इंच. पट्टी लावून मोजली तर दोन्ही नावं सारखी, आणि रस्त्याच्या पलीकडून मराठी निम्म्याने लहान. बोर्डवाल्यांचा जुना हिशेब आहे की एक इंचाचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. तो हिशेब इंग्रजी कॅपिटलचा. देवनागरीसाठी आम्ही शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची धरतो आणि वरची-खालची जागा वेगळी मागतो. बोर्डवाला कुरकुरतो, शीट जास्त लागते म्हणून.

तर, पटकन होणार नाही. आणि इंग्रजी अक्षरं कापून त्यांच्या डोक्यावर आडवी रेघ मारून 'मराठी' करणं आम्ही करत नाही. जाड-बारीक रेघ कुठे येते हेच दोन लिप्यांत वेगळं आहे. आपला बोरू तिरका कापलेला, इंग्रजीच्या लेखणीचं टोक वेगळ्या कोनात धरलेलं. नुसतं वळण उचलून आणलं की अक्षर लंगडतं.

म्हणजे तुम्ही मराठी आधी काढता?

हो, नाव दोन्ही लिप्यांत लागणार असेल तर देवनागरी आधी. अभिमान वगैरे आहेच, पण कारण कामाचं आहे. देवनागरीच्या अटी जास्त आहेत. तिचं नीट बसलं की इंग्रजी त्याच्या शेजारी बसवणं एका दिवसाचं काम. उलट केलं तर आठवडा जातो आणि दोघांचंही तोंड वाकडं.

त्यातही मराठीच्या आपल्या खोडी आहेत. संगणकात देवनागरी म्हणून जे येतं ते बरेचदा हिंदीच्या वळणाचं असतं. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हे लिहूनही दिलंय. 'सुऱ्या' आणि 'सूर्य' यांतला र वेगळा, हे न कळणारे फाँट आजही विकले जातात. आणि ळ. हिंदीत नसल्याने कितीतरी फाँटांत ळ शेवटच्या दिवशी उरकून टाकल्यासारखा दिसतो. नमुना म्हणून कुणी फाँट दाखवला की मी आधी ळ टाइप करून बघतो. तिथे कळतं काढणाऱ्याला मराठी येतं की नाही.

वाईट वाटायचं कारण एवढंच की हे सगळं याच शहरात झालेलं काम आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्यांच्या टाइपांचं वळण पुढच्या पिढ्यांनी गिरवलं. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडग्यांची अक्षरं बघून आमच्या पिढीने नाटकाचं नाव वाचण्याआधी नाटकाची जात ओळखली. आजही मुक्ता, बलू, मोदक असे फाँट मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फाँट काढणाऱ्या मंडळींनी केलेले आहेत आणि गूगल फाँट्सवर फुकट मिळतात. चोरीचा फाँट वापरायची खरंच गरज नाही.

पाकिटावर तोच लोगो वेगळा का दिसतो?

कारण आम्ही तो वेगळा काढलेला असतो.

डोंबिवलीच्या एक काकू घरी काळा मसाला करून विकतात. चार मापं: ५०, १००, २०० आणि ५०० ग्रॅम. तपकिरी क्राफ्ट कागदाच्या स्टिकरवर काळ्या शाईत नाव. मोठ्या पाकिटावर अक्षरं इतकी देखणी आली की आम्ही स्वतःवरच खूश. मग ५० ग्रॅमचे नमुने आले. काकूंनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि विचारलं, "अरे बाळांनो, हा ळ आहे की दोन मिरे?"

क्राफ्ट कागद शाई पितो. शाई पसरते आणि अक्षरांतली पोकळी बुजते. ळ ला दोन पोकळ्या, त्याही लहान. म ची गाठही भरून आली होती, स चं पोट मिटलं होतं. आम्ही नुसता लोगो लहान करून लावला होता, हीच चूक. मग लहान पाकिटासाठी नाव पुन्हा काढलं: रेघ बारीक, ळ ची दोन्ही भोकं जवळजवळ दीडपट मोकळी, शिरोरेषा थोडी पातळ, अक्षरांत जरा जास्त अंतर. पडद्यावर मोठं करून बघितलं तर ते अक्षर बावळट दिसतं. छापल्यावर बरोबर मोठ्याचं धाकटं भावंड. चारशे स्टिकर फुकट गेले, ते पैसे आम्ही भरले. तेव्हापासून सगळ्यात लहान माप आधी छापून बघतो.

नवीन धंदा असेल तर आणखी एक ऐका. पहिल्याच दिवशी छापील पाउच करायला जाऊ नका. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो, त्यामुळे थोडे पाउच परवडतच नाहीत. तयार पाउच घ्या, वर स्टिकर लावा. चव, वजन, किंमत सगळं वर्षभरात दोनदा बदलतं, आणि घरात हजारो जुने पाउच पडून राहिले की नवऱ्याशी भांडणं होतात. हे आम्ही बघितलंय.

पाकिटावर काय काय छापावंच लागतं?

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी नंबर, शाकाहाराची हिरवी खूण (चौकोनाची बाजू आतल्या ठिपक्याच्या व्यासाच्या दुप्पट, हे मनाने ठरवायचं नसतं), घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, सगळे कर धरून एमआरपी, प्रति ग्रॅम किंमत, बॅच, तारखा, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. मराठी वर जोडून द्यायला मोकळीक आहे, आणि आम्ही देतो. ग्रॅमची इंग्रजी खूण एकाच अक्षराची, 'जी'. 'जीएमएस' छापलंत तर तपासणीत अडकाल. अंतिम मजकूर मात्र तुमच्या सल्लागाराकडून तपासून घ्या. आम्ही तो मावेल कसा एवढं बघतो, आणि ५० ग्रॅमच्या पाकिटावर तो मावत नसतो.

बोर्डावरचा अनुस्वार पडला. दुरुस्ती तुमच्याकडे का?

हसू नका, हा प्रश्न खरंच वारंवार येतो. एका कपड्यांच्या दुकानाच्या नावात 'रंग' होता. ॲक्रिलिकची उभार अक्षरं, आत एलईडी, झकास काम. शिरोरेषेमुळे बाकीची अक्षरं एकमेकांना धरून राहतात, अनुस्वार बिचारा एकटा. जुलैच्या एका वादळी रात्री टेप सुटली आणि सकाळी दुकानावर 'रग'. आठवडाभर शेजारचे दुकानदार आत येऊन ब्लँकेट दाखवा म्हणत होते.

दुरुस्ती बोर्डवाल्याकडे, पण दोष आमच्याही कागदाचा. आता अनुस्वार, चंद्रबिंदी, वेगळी उभी असलेली कुठलीही खूण मागून पट्टीने शिरोरेषेला जोडायची, असं आम्ही चित्रातच दाखवतो. स्क्रूसुद्धा स्टेनलेस स्टीलचे लिहून देतो, कारण समुद्राची हवा साध्या स्क्रूंना दोन पावसाळे काढू देत नाही.

किती पैसे घेता?

नाव आधीच ठरलेलं असेल तर लोगो, रंग, अक्षरं, बोर्ड, बिल आणि व्हिजिटिंग कार्ड मिळून ७५,००० रुपयांपासून. पाकिटं वेगळी, मापांप्रमाणे. नाव सुचवायचं असेल तर ते सगळ्यात अवघड काम, त्याचे वेगळे. छपाईचा खर्च तुम्ही थेट प्रेसला देता, मध्ये आमचं कमिशन नाही. निम्मे पैसे आधी, तीस टक्के लोगो पसंत झाल्यावर, वीस टक्के फाइली देताना.

"माझा भाचा पाचशे रुपयांत करून देतोय." भाच्याकडून करून घ्या. मनापासून सांगतो. नवीन धंद्याला पहिल्या वर्षी लोगोपेक्षा चांगला तराजू जास्त उपयोगी पडतो. वर्षभर टिकलात की या.

वर १८ टक्के जीएसटी लागतो. कंपनी असाल तर १० टक्के टीडीएस कापाल, तो कापा, पण मूळ रकमेवर. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असतो. ७५,००० च्या बिलावर टीडीएस ७,५०० होतो, ८८,५०० वर हिशेब करून ८,८५० नाही. एका मोठ्या ऑफिसच्या अकाउंट्सने हे तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा फोनवर मलाच टॅक्स समजावला. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आहे. छोट्या उद्योगांचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. हे बिलाच्या तळाशी छापायला लागल्यापासून "साहेब बाहेरगावी आहेत" जरा कमी झालंय.

ऑप्शन किती देता?

एक. फार तर दोन. पाच दाखवले की पहिल्याचा रंग, तिसऱ्याचं अक्षर आणि पाचव्याची चौकट मिळून सहावा करायला सांगतात. तो आम्ही एकदा केला होता. अजून त्या रस्त्याने जात नाही.

ओपन फाइल मिळेल का? आणि लोगो मालकीचा कुणाचा?

शेवटचा हप्ता आला की लोगो तुमचा, फाइली तुमच्या, ओपन फाइलसकट, म्हणजे जिच्यात पुढे बदल करता येतात ती. तसा हस्तांतरणाचा कागद आम्ही सही करून देतो, आणि दुसऱ्या कुणाकडून काम करून घेत असाल तरी हा कागद मागाच. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतरण लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईत दुकान काढताना हे आठवून उपयोग नसतो.

एक विनंती: लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पुढे ढकलू नका. फोटो दाबला जाऊन लहान होतो, आणि तोच दहा फुटी बोर्डावर ताणला की कडा दातेरी येतात. मग आम्हाला फोन, लोगो फाटलाय म्हणून. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बोर्डवाल्याला सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची फाइल हवी असते, ती फोल्डरमध्ये आहे, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून.

अक्षरं कर्व्ह कशाला करायची?

म्हणजे 'विकास' चा 'वकिास' होत नाही. मराठी टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली, तिथे तो फाँट नसला किंवा सॉफ्टवेअरमधलं भारतीय लिप्यांचं सेटिंग बंद असलं, की वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर बसते आणि जोडाक्षरं सुटतात. मुंबईत असे बोर्ड आहेत, उद्घाटनाच्या फोटोसकट. तुम्ही मजकूर पाठवताना युनिकोडमध्ये पाठवा. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेलं आमच्याकडे इंग्रजी गिचमिड म्हणून उघडतं. कागदावर हाताने लिहून त्याचा फोटो पाठवलात तर सगळ्यात उत्तम, तुमचं अक्षरही बघायला मिळतं.

स्क्रीनवर भगवा झळझळीत होता, छापून विटकरी का आला?

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागदावर चार शाया. झळझळीत केशरी त्या चार शायांत बसत नाही. भगवा हवाच असेल तर पाचवी वेगळी शाई घ्यावी लागते, तिचा खर्च वेगळा. म्हणून मोठी ऑर्डर असली की आम्ही प्रेसवर स्वतः उभे राहतो. लोअर परळच्या गाळ्यात मशीन रात्री मोकळं होतं. पहिले पन्नास-शंभर ताव रंग जुळेपर्यंत वायाच जातात. मशीनमन ताव काढून ट्यूबलाइटखाली धरतो, आम्ही "पिवळा थोडा कमी" म्हणतो, तो चावी फिरवतो आणि आमच्याकडे न बघता सांगतो, "आता झाला बघा." त्याचा डोळा आमच्या पन्नास हजारांच्या मॉनिटरपेक्षा खरा आहे. मग तावावर माझी सही, तारीख, आणि बाहेर टपरीवर ऑम्लेट-पाव.

ट्रेडमार्क तुम्हीच करून देता का?

नाही, ते वकिलाचं किंवा एजंटचं काम. पण नाव नक्की करण्याआधी आम्ही रजिस्ट्रीच्या साइटवर शोधून बघतो, उच्चाराने सारखी नावंही. 'शुद्ध मसाले' छापाच्या, मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला हरकत येते. तेव्हा थोडं वेगळं नाव घ्या. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत: मसाले ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये, खानावळ ४३ मध्ये. तिन्ही करणार असाल तर तिन्हींचा विचार करा. अर्ज जर्नलमध्ये आल्यावर चार महिने कुणालाही विरोध करता येतो. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. वर्तुळातला आर नोंदणी मिळाल्यावरच लावायचा. आधी लावला तर कायद्याने दंड होतो, लोगो रिकामा वाटतो म्हणून तर मुळीच मागू नका.

गुरुजींनी नावात एक 'ए' वाढवायला सांगितलंय.

इंग्रजीत वाढवा, आमची हरकत नाही. मराठीत मात्र काना एकच लागेल.

एआयने लोगो करून आणलाय, फक्त फिनिशिंग करा.

तुम्हाला काय आवडतं ते त्यातून कळतं, म्हणून जरूर दाखवा. पण आमच्या टेबलावर आलेल्या अशा चित्रांत मराठी अक्षरं बरेचदा दुरून मराठी असतात. जवळ गेल्यावर क्ष आणि झ यांच्यामधलं कुठलं तरी तिसरंच अक्षर निघतं. त्याचं फिनिशिंग होत नाही.

गणपतीत स्टुडिओ चालू असतो का?

लालबाग आहे हे. दहा दिवस रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही घरून जमेल तेवढं करतो, आणि कुणीही 'सहज पंधरा मिनिटं भेटूया' म्हणत नाही हे सुख. त्याआधीचे दोन महिने मंडळांच्या पावतीपुस्तकांत आणि अहवालांत जातात. नंतर पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कुणी लोगो फायनल करत नाही, ॲडव्हान्सही देत नाही, पण कच्चं काम बघायला चालतं असं आमच्या गिऱ्हाइकांनी आपापसात ठरवलेलं दिसतं. मग घटस्थापनेच्या सकाळी सगळ्यांचे एकदम फोन. दसऱ्याला उद्घाटन हवं असेल तर जुलैत या. पाडव्याला हवं असेल तर जानेवारीत.

एप्रिल-मेमध्ये आलात तर रुमाल आणा. शेजारी डंकावर मिरच्या कुटायचा सीझन असतो आणि मीटिंगमध्ये सगळे शिंकतात. एका गिऱ्हाइकाला वाटलं, आम्ही त्यांचा जुना लोगो बघून नाक मुरडतोय.

तुमच्याकडे इंटर्नशिप मिळते का?

दर वर्षी एक. पगार देतो. जे.जे. अप्लाइडची मुलं येतात, डिप्लोमावालीही येतात, गेल्या वर्षीची मुलगी कुठल्याच कॉलेजची नव्हती, वडिलांबरोबर नंबरप्लेट रंगवायची. तिचे आकडे आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले. पोर्टफोलिओत चकचकीत चित्रं नसली तरी चालेल, कागदावर हाताने काढलेली अआइई बाराखडीसकट हवी. पहिला महिना प्रेसच्या फेऱ्या, कटिंगवाल्याशी बोलणं आणि आमचा चहा सांगणं यात जाईल. चहा आम्हीही सांगतो, पाळीपाळीने.

यायचं कसं?

करी रोड किंवा चिंचपोकळी, दोन्हीकडून चालत दहा मिनिटं. अकराच्या आत येऊ नका, लोकलमधून उतरून माणसात यायला आम्हाला तेवढा वेळ लागतो. लिफ्ट नाही. चपला बाहेर. येताना दुकानाचं सगळ्यात जुनं बिलबुक मिळालं तर घेऊन या, फाटकं असलं तरी.